विटाळ आमच्याच गाडीतून आला

नागपूरला माझ्या मोठ्या दिरांनी फ्लॅट घेतला. यंदा फेब्रुवारीत त्याची वास्तुशांत होती. पत्रिका यायच्या आधी जाऊबाईंचा फोन आला. मुहूर्त सांगितला, कोण कोण येणार ते सांगितलं, सासूबाईंच्या पाठीला उशी द्यायची आठवण केली आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "तेवढं तारखेचं पाहून घेजो नं बाई. नाही तं गोळी घेऊन टाकजो. घरचीच सून बाजूला बसली तं बरं नाही दिसत."

मी "हो" म्हटलं. तारीख नेमकी पूजेच्या दिवशी येत होती. एटापल्लीच्या औषधाच्या दुकानातून नॉरएथिस्टेरॉनची पट्टी आणली. ती चिठ्ठीशिवाय मिळते, दुकानदार वर पाहतसुद्धा नाही. लग्नसराईत, गणपतीत, महालक्ष्म्यांच्या वेळी ती किती खपते हे त्यालाच विचारावं.

आता या "हो"ची मला लाज का वाटते, ते सांगते. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली कार्यकर्ती. गेली नऊ वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, सूरजागड डोंगराच्या भोवतालच्या माडिया गावांमध्ये बाया-मुलींच्या आरोग्याचं काम करते. या गावांत पाळीच्या दिवसांत बाईने घरात राहायचं नाही. गावाच्या कडेला कुर्माघर असतं, तिथे जायचं. कुर्माघर म्हणजे बहुतेक ठिकाणी कुडाची, मातीची एक झोपडी. चारपाच दिवस तिथेच झोपणं. चुलीला, विहिरीला, देवाला, पुरुषाला हात लावायचा नाही. जेवण घरच्या बायका आणून ठेवतात. पावसाळ्यात छत गळतं, साप-विंचू निघतात, आणि रात्री अंगावरून फार जाऊ लागलं तर हाक ऐकायला कोणी नसतं. आमच्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. तशा बाईला थंडीत ओल्या जमिनीवर झोपवणं म्हणजे काय, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही या प्रथेची दखल घेतली आहे.

ज्या आठवड्यात मी गोळ्यांची पट्टी आणली, त्याच आठवड्यात मी एका गावात कुर्मावर बैठक घेतली होती. पाळी म्हणजे काय, गर्भाशय कसं असतं, यात अपवित्र काही नाही, हे सगळं तक्त्यावर दाखवून आले होते. घरी येऊन पहिली गोळी घेतली. दिवसातून तीन, तारखेच्या तीन दिवस आधीपासून.

गाडी भाड्याची बोलेरो होती. पुढे ड्रायव्हर आणि माझा नवरा. तो जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मध्ये सासूबाई, मी आणि अकरा वर्षांची मुलगी. मागे सात वर्षांचा मुलगा, सामान आणि माझी एक माडिया मैत्रीण. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. तिचा धाकटा भाऊ नागपूरला आदिवासी मुलांच्या सरकारी वसतिगृहात राहून शिकतो. दोन वर्षांत तिने त्याला पाहिलेलं नव्हतं. गाडीत एक जागा रिकामी आहे म्हटल्यावर तिने दोन दिवस घरात विचारलं, गावात विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. गडचिरोलीच्या पुढे ती कधी गेली नव्हती. हे सगळं मी तिला विचारून लिहिते आहे. तिचं नाव आणि गाव मात्र मी सांगणार नाही. का ते पुढे कळेलच.

एसटीने का गेलो नाही, असं कोणी विचारील. १७ मार्च २०२३ पासून राज्यात बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, त्याचा आमच्या भागातल्या बायांना खरंच उपयोग झाला आहे. दोन-दोन वर्षं माहेर न पाहिलेल्या बाया आता बाजाराच्या निमित्ताने जाऊन येतात. पण अर्ध्या तिकिटाला आधी अख्खी बस लागते. आमच्याच तालुक्यात गर्देवाड्यापर्यंत अहेरीहून बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ ला. मुख्यमंत्री स्वतः त्या बसमध्ये बसले, फोटो आले. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी. आणि आम्हाला नागपूर गाठायचं म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर, गाड्या बदलत, गुडघेदुखीच्या सासूबाईंना घेऊन. म्हणून बोलेरो.

सूरजागडचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, तो रस्ता आता आमचा राहिलेला नाही. सूरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. २००७ साली खाणपट्टा दिला गेला, २०१६ मध्ये काम सुरू झालं, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथल्या गाड्या जाळल्या. जानेवारी २०१९ मध्ये गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटीची धडक होऊन प्रवासी मेले, संतापलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. २०२१ पासून खाण पुन्हा जोरात आहे. २०२३ साली तोडगट्ट्याला आसपासच्या गावांनी खाणींच्या आणि त्यासाठी होणाऱ्या रस्त्यांच्या विरोधात कित्येक महिने ठिय्या दिला, बायका त्यात मोठ्या संख्येने होत्या. नोव्हेंबरात पोलिसांनी तो उठवला. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण एक गोष्ट इथेच सांगून टाकते. रस्त्याकडेच्या एका गावात कुर्माघर गावाबाहेर, झाडीत होतं. रस्ता रुंद झाला, झाडी गेली, आणि कुर्माघर ट्रकच्या दिव्यांत आलं. रात्रभर ट्रक जातात, कधी थांबतात. आत दोन पोरी असतात, दाराला कडी नसते. गावाने कुर्मा हलवला नाही आणि सरकारने रस्ता हलवला नाही.

आम्ही पहाटे पाचला निघालो. काळोखात समोरून खनिजाच्या ट्रकांची रांग, काचेवर लाल धूळ. आलापल्लीच्या सागवनात उजाडलं. मला मळमळत होतं, डोकं धरलं होतं. गोळीचाच परिणाम. नवऱ्याला वाटलं, वळणांमुळे. मी त्याला गोळीचं सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली, तो पाळीच्या दिवसांत चहा करून देणारा माणूस आहे. तरी ही गोष्ट मी आणि जाऊबाई यांच्यातच राहिली. बायकांनी बायकांशी परस्पर मिटवायची काही कामं असतात, त्यातलं हे एक.

मैत्रिणींनो, प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. सासूबाईंनी आदल्या रात्रीपासून पाणी तोडलं होतं. आष्टीच्या अलीकडे रान होतं तोवर सोय होती. पुढे चामोर्शी, गडचिरोली, दोन्ही बाजूंना शेतं आणि माणसं. नवरा आणि ड्रायव्हर दोनदा उतरून आले. एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप होतं, चावी मालकाकडे, मालक जेवायला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिकांना बायांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिले, मुंबईत 'राईट टू पी'च्या कार्यकर्त्या २०११ पासून झगडत आहेत. त्या लढाईचं महत्त्व मला त्या कुलपासमोर अडुसष्ट वर्षांच्या बाईचा हात धरून उभं राहताना पुन्हा एकदा पटलं. शेवटी पंपाच्या मागे, मी आणि मुलीने साडीचा पडदा धरला.

तिथून निघाल्यावर मी पाण्याची बाटली मागे दिली. मैत्रिणीने बाटली घेतली नाही. तिने ओंजळ पुढे केली.

मी समजले. नऊ वर्षं त्या गावांत काढली आहेत. पाळीत असलेली बाई भांड्याला हात लावत नाही, तिला वरून पाणी घालतात. ती सामानाच्या बाजूला अंग चोरून बसली होती, माझ्या मुलाचा पाय लागू नये म्हणून पिशवी मध्ये ठेवलेली. मी पाणी घातलं. ती हळूच म्हणाली, "ताई, मला आरमोरीला उतरव. मी बसने परत जाते. तुमच्या पूजेला जायची गाडी, विटाळ झाला."

मी तिला तेच सगळं सांगितलं जे बैठकीत सांगते. असं काही नसतं, गाडीला काही होत नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती, पटलं काही नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंनी मान वळवली. त्यांना ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो. म्हणाल्या, "काय झालं, बाहेरची झाली काय? मंग काऊन रडतेस? इकडं सरक. म्हातारीले कायचा आला विटाळ." आणि स्वतःची शाल मागे दिली.

वैनगंगेचा पूल ओलांडून ब्रह्मपुरी येईपर्यंत सासूबाई बोलत होत्या. मी त्यांच्याकडून हे कधी ऐकलं नव्हतं. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसायच्या. पितळी वेगळी, गोधडी वेगळी. गोधड्या शिवायच्या, कापूस निवडायचा. "तेवढाच आराम," म्हणाल्या, "पण थंडीत लई वाईट." मग सासऱ्यांना नोकरी लागली, बदलीच्या गावी दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. पहिल्या महिन्यात त्या बाजूला बसल्या तर सासऱ्यांनी चार दिवस चुरमुरे आणि केळी खाल्ली. दुसऱ्या महिन्यात शेजारणीने डबा दिला. तिसऱ्या महिन्यात सासरे म्हणाले, इथे कोण पाहतं, तू आपला स्वयंपाक कर. "झालं. संपला माह्या विटाळ."

मी एम.एस.डब्ल्यू.ला असताना प्रथा कशा बदलतात यावर प्रबंधिका लिहिली होती. शिक्षण, आधुनिकीकरण, जाणीवजागृती, सगळं होतं त्यात. चुरमुरे नव्हते. शहरांत, चाळींत, क्वार्टरांत रोजचा विटाळ गेला तो बऱ्याच घरी अशाच कारणाने गेला असणार. एकत्र कुटुंब मोडलं, दुसरी बाई स्वयंपाकाला उरली नाही. पुरुषाचं ताट अडलं तेव्हा धर्माने वाट दिली. जिथे ताट अडत नाही, म्हणजे पूजा, सण, वास्तुशांत, तिथे तो तसाच आहे.

कुर्मातही हेच आहे. घरात सासू, नणंद, दुसरी बाई असते, तोवर चूल थांबत नाही. कुर्मात असलेल्या बाईचं काम दुसऱ्या बाईवर पडतं, पुरुषावर नाही. मी बैठकींमध्ये गर्भाशयाचा तक्ता दाखवते, पण चार दिवस चूल कोण सांभाळतं हा प्रश्न मी आजवर पुरुषांच्या बैठकीत एकदाही विचारला नव्हता.

नागभीड, भिवापूर, उमरेड करत दुपारी दोनला नागपुरात पोचलो. मैत्रीण वसतिगृहात भावाला भेटून येणार आणि दोन रात्री आमच्याबरोबर राहणार असं ठरलं होतं. फ्लॅट सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये ती भिंतीला चिकटून उभी राहिली. दारात रांगोळी, आंब्याचं तोरण. जाऊबाईंनी मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "घेतली नं?" मी मान हलवली. मग त्यांचं लक्ष मैत्रिणीकडे गेलं, तिच्या अंग चोरून उभं राहण्याकडे गेलं. बायकांना या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

जाऊबाई वाईट बाई नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्या बँकेत अधिकारी आहेत. त्यांनी माझ्या नणंदेच्या घटस्फोटाच्या वेळी घरच्या सगळ्या पुरुषांशी भांडण घेतलं होतं. त्यांनी मैत्रिणीला टॉवेल दिला, पॅडचं पाकीट दिलं, गरम पाणी काढून दिलं. आणि मग मागची लहान खोली दाखवून म्हणाल्या, "आज अन् उद्या पूजा होतपर्यंत इथंच आराम कर हं. तुझं ताट मी पाठवते." पंखा होता, गादी होती, खिडकी होती. बाहेरून दार लोटून घेतलं.

मी हॉलमध्ये गेले आणि कामाला लागले. पुरणाचं, पाहुण्यांच्या चहाचं, कलशाचं. माझी मुलगी मागच्या खोलीकडे जाऊ लागली तेव्हा तिच्या चुलत बहिणीने, पंधरा वर्षांच्या, तिला अडवलं, "तिकडे नको जाऊस आत्ता, मग तुला पूजेत बसता येणार नाही." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी होम झाला, मी नैवेद्याचं ताट उचललं, सगळ्यांनी म्हटलं धाकटी सून किती कामाची. मी त्या दोन दिवसांत तोंड उघडलं नाही. पाहुण्यांसमोर तमाशा नको, सासूबाईंना त्रास नको, जाऊबाईंच्या घराचा पहिला दिवस, अशी कारणं मी स्वतःला देत होते. ही सगळी कारणं मी गावातल्या बायांच्या तोंडून ऐकली आहेत. तिथे मी त्यांना "मानसिकता" म्हणते.

सासूबाईंचंही सांगायला हवं. गाडीत शाल देणाऱ्या सासूबाई थोरल्या सुनेच्या घरात गप्प होत्या.

रात्री ताट घेऊन मी मागच्या खोलीत गेले. मैत्रिणीने विचारलं, "ताई, तुमच्याकडे पण आहे कुर्मा?" त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आमच्याकडे एकटी नाही राहात. दोघी-तिघी असतात. रात्री बोलतात." मी गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून पट्टी काढली. ही कशाची, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने पट्टी हातात घेऊन पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बाहेर बसायला लागू नये म्हणून रक्तच थांबवलं तू?"

ती गोळी मी त्या रात्रीही घेतली, हे खरं सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पूजा होती.

परत आल्यावर मी या एका वाक्याशी बरेच दिवस झगडले. कुर्मा आणि गोळी एकच, असं म्हणणं सोपं आहे आणि खोटंही आहे. कुर्मात बाया मरतात. साप चावून, आजार अंगावर काढून. माझ्या गोळीने मला मळमळ झाली आणि पुढची पाळी फार गेली. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे त्यांच्यासाठी ही गोळी धोक्याची असते, आणि ती पाहणारा डॉक्टर यात कुठेच नसतो. तरी गोठ्यातल्या झोपडीशी तिची बरोबरी होत नाही. कुर्मात "मैत्रिणी भेटतात, आराम मिळतो" असं म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्या शहरी लेखांचाही मला राग येतो. ज्यांना तिथे झोपायचं नाही त्यांनी ते लिहू नये.

पण दोन्हींच्या मुळाशी एकच मागणी आहे. बाईने आपलं शरीर देवाच्या, घराच्या, कामाच्या वेळापत्रकात बसवावं. बसत नसेल तर बाजूला व्हावं, नाही तर शरीर बदलावं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. सरकारी पाहणीत ८२ हजार बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत खाडा पडतो, खाड्याचा दंड होतो, म्हणून गर्भाशयच नको, हे त्यातलं एक कारण बायांनीच सांगितलं. आपण सगळ्या हादरलो. मी माझ्या गोळीला त्या रांगेत उभं केलं नव्हतं, कारण ती सुशिक्षित बाईच्या पर्समध्ये असते आणि तिला निवड म्हणतात. सप्टेंबर २०१८ च्या शबरीमलाच्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी पाळीवरून बाईला वगळणं ही अस्पृश्यताच आहे असं म्हटलं, तेव्हा आमच्या गटाने पेढे वाटले होते. त्याच वर्षी गौरी-गणपतीत मी गोळी घेतली होती. आठवते म्हणून सांगते.

दुसरा मुद्दा कार्यपद्धतीचा आहे आणि त्यावर आपल्या गटांत वाद व्हावा असं मला वाटतं. गडचिरोलीत काही संस्थांनी पक्की, शौचालय आणि पाणी असलेली, सौरदिवे लावलेली कुर्माघरं बांधली. यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, आज रात्री जी तिथे झोपणार आहे तिचा जीव वाचवा. दुसरं म्हणतं, सिमेंटने प्रथा पक्की होते. मी दुसऱ्या बाजूची होते. नागपूरच्या त्या पंखा-गादीच्या खोलीत मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं आणखी पटलं, सोय झाली की अपमान दिसेनासा होतो. पण नेपाळमध्ये काय झालं तेही पाहा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये छाउपडी बेकायदा ठरवली, २०१७ मध्ये शिक्षेचा कायदा झाला, आणि जानेवारी २०१९ मध्ये बाजुरा जिल्ह्यात एक आई आणि तिची दोन मुलं तशाच झोपडीत धुराने गुदमरून मेली. झोपड्या पाडल्या तिथे काही ठिकाणी बाया त्याहून वाईट आडोशाला झोपू लागल्या. झोपडी पाडून भीती पडत नाही. म्हणून रस्त्याकडेच्या त्या गावात दाराला कडी आणि दिवा लावून देण्याच्या कामात मी आता भाग घेतला आहे. हे माझ्या जुन्या मताच्या विरुद्ध आहे. दोन पोरी आज रात्री तिथे आहेत, मत नंतर बघू.

मैत्रीण गावी परतली तेव्हा तिने घरी काय सांगितलं? काहीच नाही. नागपूरला पाळी आली होती, परक्यांच्या घरात राहिली, गाडीत सगळ्यांबरोबर बसून आली, हे कळलं तर गावात दंड होईल, आणि त्याहून म्हणजे पुढे काहीही वाईट घडलं, कोणाचं गुरं मेलं, पोर आजारी पडलं, की बोट तिच्याकडे जाईल. म्हणून नाव लिहिलेलं नाही. पण तीन आठवड्यांनी अंगणवाडीत बायांच्या बैठकीत, मी तक्ता लावत असताना, ती माडियात काहीतरी बोलली आणि सगळ्या माझ्याकडे पाहून हसल्या. माझी माडिया भाषा कामापुरती आहे. मी विचारलं तेव्हा एकीने सांगितलं, ती म्हणते, ताईला पण कुर्मा आहे, तिच्या जावेच्या घरी.

त्या दिवशी मी तक्ता गुंडाळून ठेवला. त्यांना फोनपासून सगळं सांगितलं. गोळी दाखवली, कशी काम करते, काय त्रास होतो, ते सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या बैठकीत प्रश्न त्यांनी मला विचारले. तुझ्या नवऱ्याला माहीत होतं का. तुझी सासू काय म्हणाली. जावेला तू सांगितलं का नाही, ती तर शिकलेली आहे. एक म्हातारी म्हणाली, आमच्याकडे बाई बाहेर गेली की गावाला दिसतं. तुमच्याकडे दिसतच नाही, मग थांबवणार कसं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीला पुरुषांना बोलावायचं त्यांनीच ठरवलं, चूल कोण सांभाळतं या प्रश्नावर. पाच जण आले. दोन जण मध्येच उठून गेले. तिघं बसले.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो थोडा दुखावला, मला का नाही विचारलंस म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या भावाच्या घरची पूजा, आईच्या गुडघ्याची काळजी तू केलीस, पण माझ्या तारखेचा फोन तुला का आला नाही, याचा विचार कर. तो अजून करतो आहे.

मुलीने परतीच्या वाटेवर एकच विचारलं होतं. मावशीला (ती माझ्या मैत्रिणीला मावशी म्हणते) जेवायला आपल्याबरोबर का नाही बसवलं? सासूबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मी म्हटलं, मी घाबरले होते. तिला ते पटलं नाही. तिला माहीत आहे की मी पोलीस ठाण्यात जाते, सभांमध्ये बोलते.

मे महिन्यात पुतणीचा, जाऊबाईंच्या थोरल्या मुलीचा, साखरपुडा आहे. तारीख कळवणारा निरोप आला आहे, आणि खाली "बाकीचं तुला माहीतच आहे" असंही आहे. मी उत्तर लिहिलं: आम्ही सगळे येतो, गोळी घेणार नाही, पाळी आली तर आली, मी सगळ्यांत बसेन. ते आधी नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "माह्यं नाव पण लिहून दे खाली." लिहून पाठवलं. पाच दिवस झाले, जाऊबाईंचा फोन अजून आलेला नाही.